गाडी चालेल तेवढंच

भय्याजी रामटेके यांचा उजवा गुडघा ऑक्टोबरात बदलला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. भय्याजींनी मान हलवली, भिलाईच्या सेक्टर सहामधल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि महिनाभर तिथून उठले ते फक्त जेवायला.

बायको रुक्मा बोलून थकली. शेवटी सून प्रेरणाने युक्ती काढली. ती भिलाई-तीनच्या शाळेत फिजिक्स शिकवते. एका रविवारी तिने सासऱ्यांच्या हातात मोबाइल दिला. मंगळावरच्या अमेरिकन गाडीने काढलेले बरेच फोटो जोडून केलेलं एकच लांबलचक चित्र होतं. बोट सरकवलं की चारी बाजूंचा मुलूख दिसायचा.

भय्याजींनी चष्मा पुसला. "हे तं राजहरा आहे वो!"

राजहऱ्याच्या खाणीतून आलेला लोखंडाचा दगड स्टील प्लांटमध्ये उतरवून घेण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. लाल मातीबद्दल त्यांच्यापुढे कोणी बोलायचं नाही. त्यांनी चित्र मोठं केलं, दगड न्याहाळले आणि निकाल दिला, "माल हलका आहे."

"बाबा, ये गाडी भी रोज थोड़ा-थोड़ा चलती है," प्रेरणा म्हणाली. "कधी वीस मीटर, कधी शंभर. तुमी पण तेवढंच चाला. मंजूर?"

वीस मीटर ऐकताच भय्याजींनी मंजूर केलं.

रोज सकाळी ते मोबाइलवर गाडीचं पान उघडायचे, चित्र बघायचे आणि आकडा जाहीर करायचे. "आज बावीस." मग फाटकापासून शेजारच्या फाटकापर्यंत जाऊन यायचं. रुक्मा काठी घेऊन मागे. पण गाडी पुष्कळदा थांबायची. "आज दगड घासून राहिली," असं म्हणून भय्याजी निवांत बसायचे. डिसेंबरात तर गाडी सलग आठ दिवस एकाच दगडापाशी होती म्हणे. भय्याजीही आठ दिवस खुर्चीत होते. "वैज्ञानिक काम आहे. घाई करून जमत नाही," ते म्हणायचे.

रुक्माला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती शेजारून चित्र बघायची. आठव्या दिवशी तिचा हात थांबला.

"काहो, हा टोपीसारखा टेकडा परवा समोर होता ना?"

"असंल."

"आज मागं गेला. अन् हे चाकाचे निशाण पाहा, केवढे लांब. गाडी उभी आहे म्हणता, मग टेकडा चालत गेला का?"

तीस वर्षं ती सायकलवर बाजारहाट करत आली होती. पाण्याची टाकी समोरून मागे गेली की आपण पुढे आलो, एवढं कळायला तिला फिजिक्स लागत नव्हतं.

दुपारी प्रेरणा शाळेतून आली. तिने मोबाइल बघितला. आठ दिवसांत गाडी सहाशे चाळीस मीटर गेली होती. एका दिवसात तर तीनशे दहा.

"नेट स्लो होतं," भय्याजी म्हणाले. प्रेरणाने तोंडावर ओढणी धरली. "कावून हसून राहिली? खरंच स्लो होतं."

ती आत गेल्यावर रुक्मा समोर उभी राहिली. भय्याजींनी गुडघ्यावरून हात फिरवला.

"भेव लागते, रुक्मा," ते हळूच म्हणाले. "पाय माहाच वाटत नाही. दुसऱ्याचा लावून देल्ला असं वाटते."

"मले माहीत आहे जी. म्हणून तं मागं चालून राहिली मी," रुक्मा म्हणाली आणि काठी त्यांच्या हातात दिली.

त्या दिवसापासून चित्र आधी रुक्मा बघायची. गाडीलाही नेमका जोर चढला होता. भय्याजी कोपऱ्यापर्यंत जाऊ लागले, मग पार्कापर्यंत. सकाळी मोबाइल उघडताना ते गाडीला विनवायचे, "आज तरी एखादा चांगला दगड पाहून घे ना बापू."

डिसेंबर संपता संपता प्रेरणाने बातमी आणली. मंगळ सूर्याच्या पलीकडे जाणार. दोन-तीन आठवडे पृथ्वीवरून गाडीला हुकूम जाणार नाही, ती जागची हलणार नाही.

"पक्कं ना?" भय्याजींनी दोनदा विचारलं. त्यांनी खुर्चीची गादी उन्हात टाकली.

"गाडी सूर्याच्या मागं गेली," रुक्मा म्हणाली. "तुमी तं माह्या समोर आहात. उठा."

आता कसलंच माप उरलं नव्हतं. चौथ्या दिवशी चालता चालता ते मागच्या गल्लीत बाबुलालच्या क्वार्टरपर्यंत पोचले. बाबुलाल प्लांटमधला जोडीदार. रोज सकाळी न चुकता एकमेकांना गुलाबाच्या फुलाचा मेसेज पाठवायचे, पण तीन वर्षांत भेट नव्हती. तो व्हरांड्यात बसला होता, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन.

"अबे, जिवंत हायेस का तू?" बाबुलाल ओरडला.

"चालत नाहीस का रे?" भय्याजींनी कडक आवाजात विचारलं. "असा बसून राहिला तं पाय जाम होतील. माह्याकडं पाह. अमेरिकेच्या गाडीच्या पुढं आहो मी."

बाबुलालला काही कळलं नाही, पण तो उठला. दोघं कोपऱ्यापर्यंत गेले, वाटेत दोनदा थांबले, आणि प्लांटमधलं कोण कोण गेलं ते बोलत परत आले.

जानेवारीत चित्रं पुन्हा यायला लागली. भय्याजींनी आकडा बघितला. गाडी होती तिथेच. "कामचोर," ते म्हणाले आणि पुन्हा कधी त्यांनी ते पान उघडलं नाही.

रुक्माने मात्र उघडलं. प्रेरणाने तिला बोट कसं सरकवायचं ते शिकवलं होतं. एका संध्याकाळी भय्याजी बूट घालून तयार झाले.

"चल ना पार्कापर्यंत. आधी चहा ठेव."

"थांबा जी. नवीन चित्र आलं. चढावर चढून राहिली बिचारी. पाहू द्या."

भय्याजी पाच मिनिटं थांबले. मग स्वतःच गॅस पेटवला. पत्ती कुठे असते ते विचारलं, तर तिने मान वर न करता सांगितलं. चहा कडूजहर झाला. त्यांनी एक कप तिच्यापुढे ठेवला. ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, आणि साखर घालायची राहिली हे तिच्या लक्षातही आलं नाही.

भय्याजी थोडे रुसून एकटेच निघाले.