हळूबाईचा पुतळा

मी शिंप्याच्या दुकानातला पुतळा. मला डोकं नाही, हात नाहीत. मान, छाती, कंबर आणि खाली एक लाकडी पाय, एवढंच माझं शरीर. बिनडोक्याचा हा बोलतो कसा, असं तुमच्या मनात आलं असेल तर येऊ द्या. जन्मभर ज्याने अंगात टाचण्या टोचून घेतल्या, त्याला बोलायला डोकं लागत नाही.

कागदाचा लगदा साच्यात दाबून मला घडवलं, वर कापूस लपेटला आणि जाड सुती कापड चढवलं. दुकानात उतरवताना मी दारावर आपटलो आणि माझ्या बगलेखाली खोक पडली. दुकानाचे मालक, म्हणजे मास्तर, ती बघून म्हणाले, "असू दे. गिऱ्हाईकं तरी कुठे साच्यातून निघालेली असतात!" त्या एका वाक्यावर मी त्यांचा झालो.

दुकानात माणसं तीन. मास्तर कापड बेतायचे. इस्त्रीवाले काका इस्त्री फिरवता फिरवता साऱ्या जगाचा समाचार घ्यायचे. आणि मास्तरांची भाची काज-बटणं, तुरपाई करायची. तिचा आवाज इतका बारीक, की काकांनी तिचं नाव हळूबाई ठेवलं होतं. तिशी ओलांडलेली, हाताला अशी सफाई की तिचा टाका शोधावा लागे. पण कात्री म्हटली की अंग चोरायची.

"एखादी बाही तरी काप गं," मास्तर म्हणत.

"नको मामा, तुम्हीच कापा. माझ्याकडून बिघडेल."

कारण तिने एकदा काकांना हसत हसत सांगितलं, तेव्हा मीही ऐकलं. एकोणिसाव्या वर्षी तिने हौसेने, स्वतःच्या मनाने एक झगा शिवला आणि चुलत बहिणीच्या लग्नात घातला. सगळ्यांदेखत मावशी म्हणाली, "अगंबाई, आमच्या खिडकीचा पडदा इकडे आलाय होय!" हशा पिकला. हळूबाईही हसली, सगळ्यांहून मोठ्याने. त्या दिवसापासून तिने स्वतःचं असं काही शिवलं नाही.

म्हणजे लोकांना दिसेल असं काही नाही. दुपारी मास्तर मागच्या खोलीत आडवे झाले आणि काका जेवायला गेले, की ती चिंध्यांच्या पोत्यातून तुकडे काढून माझ्या अंगावर रचायची. कधी खांद्यावरून तिरकं सोडलेलं अस्तर, कधी कमरेला नुसत्या चुण्याच चुण्या. मास्तर खोकले की सगळं भराभर उतरवायची. माझी तिला भीती नव्हती. डोकंच नाही, तर मत कुठून येणार!

एका दुपारी मास्तरांचा डोळा लागला नाही. चष्मा शोधत ते बाहेर आले, तर माझ्या गळ्याशी करड्या कापडाची कॉलर आणि हळूबाईचा हात अजून टाचणीवर. ती घाईघाईने टाचणी उपसू लागली.

"काढतेच, मामा. उगाच आपला चाळा."

"थांब." त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. "ही घडी इथून का वळवलीस?"

"कापड आपणहून वळत होतं. मी वळू दिलं."

"मग पुढे अडवलंस का?"

"भीती वाटली."

"कापडाची?"

"लोकांची."

मास्तर आत गेले आणि एक जुनाट कोट घेऊन आले. "माझा पहिला कोट. घालून बघ." तिने घातला. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या! आधी मास्तर हसले, मग ती. या वेळी तिला स्वतःला लपवण्यासाठी हसावं लागलं नाही.

मास्तरांनी तेव्हाच नियम केला. दर शनिवारी काम आटोपलं की तिघांनीही एकेक काहीतरी माझ्यावर चढवायचं. छान म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही. डोळ्यांना दिसेल ते सांगायचं, नाहीतर विचारायचं. काकांनी खूप कुरकुर केली आणि पहिल्याच शनिवारी माझ्या बरोब्बर पोटावर एक भलामोठा खिसा लावला.

"इथे खिसा कशाला?" हळूबाईने विचारलं.

"उभ्या माणसाला हात ठेवायला जागा नको?"

असे पुष्कळ शनिवार गेले. आता मास्तर खोकले तरी ती टाचण्या काढत नसे.

मग एक शिक्षिका आल्या. पाठीला बाक, उजवा खांदा वर उचललेला. निवृत्तीच्या समारंभात भाषण करायचं होतं, त्यासाठी कोट हवा होता. कापड त्यांच्या वडिलांनी दिलेलं, वर्षानुवर्षं जपून ठेवलेलं. दुसरं मिळणार नव्हतं. मास्तरांनी मोजपट्टी भाचीच्या गळ्यात अडकवली. "माप तू घे. कापायचंही तूच."

तिने आधी साध्या कापडाचा नमुना शिवला. बाईंनी तो चढवला आणि म्हणाल्या, "झाकल्यासारखं वाटतंय हो. लोक म्हणतील, या काय लपवतायत?"

हळूबाई उठून मागच्या खोलीत गेली. नळाचा आवाज येत राहिला. काका तिच्यामागे निघाले, तर मास्तर म्हणाले, "बसा. येईल ती."

ती आली. तोंड धुतलेलं, नाक लाल. "बाई, झाकायचं नाही, तर मग काय करायचं? तुम्हीच सांगा."

बाईंनी उजव्या खांद्यावर हात ठेवला. "हा असाच आहे. त्याला असाच राहू द्या."

तिने माझ्या उजव्या खांद्यावर कापूस रचला, पाठीवर चिंध्या बांधल्या. मी बाईंसारखा झालो. तीन दिवस ती माझ्याभोवती फिरत होती. चौथ्या दिवशी खऱ्या कापडावर खडूची रेघ ओढली आणि कात्री उचलली.

"मामा, बिघडलं तर?"

"तर बिघडेल. मग दोघं मिळून बघू. काप."

कात्री चालली. तो आवाज अजून माझ्या अंगात आहे.

कोट घालून बाई आरशापुढे उभ्या राहिल्या. त्या उंच खांद्यावरून एक शिवण निघाली होती आणि पाठीवरून तिरकी कमरेपर्यंत उतरली होती. "मागे एक आरसा धरा बघू," त्या म्हणाल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "कितीतरी वर्षांनी मी माझी पाठ बघतेय. ही शिवण तुम्हाला सुचली कशी?"

"तुमच्या खांद्यावरून," हळूबाई म्हणाली. इतक्या खणखणीत आवाजात, की काकांची इस्त्री हातातच राहिली.

आता कापायचं टेबल तिचं आहे. मास्तर खिडकीशी बसून सुयांत दोरे ओवून देतात आणि ओवले गेले नाहीत तर सुईला बोल लावतात. माझं कापड विरलंय, पाय डुगडुगतो. दुकानात स्क्रूने कमी-जास्त होणारा नवा पुतळा आलाय. मी उद्या एका शिकाऊ मुलीच्या घरी जाणार आहे.

जाता जाता एक मागणं. तुमच्या घरी कोणी हाताने काही बनवून भीत भीत पुढे केलं, तर तुमचं मत घटकाभर बाजूला ठेवा. आधी विचारा, हे असं का केलंस? आणि उत्तर ऐकायला थांबा.

ती मुलगी काल मला बघायला आली होती. एका बोटाने माझा खांदा दाबून तिने विचारलं, "ताई, आधी याच्यावर काय करायचं असतं?"

"तुला वाटेल ते," हळूबाई म्हणाली. "मी चहा टाकते. तू हाक मारलीस की येईन."