ग्यानोबाचे ओट

ग्यानोबाच्या छातीत कळ आली म्हणून त्याच्या लेकीनं, दीपमालानं, त्याला लातूरला नेऊन दाखवलं. डॉक्टरांनी रोज सकाळी ओट्स खायला सांगितले. दीपमाला लातुरातच शिकवणीच्या क्लासमध्ये शिकवायची. तिनं घाऊक दुकानातून अख्खं पोतं घेतलं, त्यावर ठळक अक्षरांत ‘ओट – ग्यानोबा’ असं लिहिलं आणि जळकोटकडं निघालेल्या टेम्पोत टाकून दिलं.

गावात तेव्हा सरपंचाची निवडणूक लागली होती. आमच्याकडं मताला ओटच म्हणतात. टेम्पोवाल्यानं पारावर पोतं उतरवून ग्यानोबाचं घर विचारलं. त्याचे ओट आलेत लातूरहून, म्हणाला. पारावरची माणसं त्या शिवलेल्या पोत्याकडं बघतच राहिली.

उमेदवार दोघंच, साहेबराव आणि वीरभद्र. साहेबराव दुपारीच ग्यानोबाच्या ओसरीवर येऊन बसला. ग्यानोबाच्या बायकोनं, चतुराबाईनं, चहा दिला. ऐकलं ते खरं का, असं त्यानं आडून आडून विचारलं. ग्यानोबानं खरं हाय म्हणून सांगितलं, वर्षभर सरायचे न्हाईत इतके हायत.

“मग एवढ्या ओटांचं करणार काय?”

“खायचे. डॉक्टरनं सांगितलंय, दुधात शिजवून खा म्हणून.”

रस्ते खाल्लेले साहेबरावनं बघितले होते, बंधारे खाल्लेले बघितले होते. डॉक्टरच्या चिठ्ठीवर ओट खाणारा माणूस तो पहिल्यांदाच बघत होता. त्यानं हात जोडले आणि पोतं मागितलं. ग्यानोबानं लातुरात एक वाटी चाखली होती, ती त्याला कागद चिकटवायच्या खळीसारखी लागली होती. त्यानं लगेच हो म्हटलं आणि पोतं मोटारसायकलवर बांधूनही दिलं.

साहेबरावनं पोतं बाजेवर ठेवून त्याला हार घातला. दुसऱ्या दिवशी वीरभद्र बघायला आला. त्यानं पोत्याचं एक टोक उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि तहसीलला जाऊन अर्ज मागं घेतला. एकही मत न पडता साहेबराव सरपंच झाला. गुलाल उधळला, पोत्यावरही पडला.

पुढच्या रविवारी दीपमाला आली, तर वडील भाकरी-ठेचा खाऊन राहिले होते. हकीकत ऐकून ती तडक सरपंचाच्या घरी गेली. हे एक धान्य आहे, ते रक्तातली चरबी कमी करतं, परदेशात घोडेही खातात, असं तिनं क्लासमध्ये सांगतात तसं समजावून सांगितलं. साहेबरावनं शांतपणे ऐकून घेतलं.

“असंल. पण पोरी, एकदा दिलेले ओट माघारी मिळत न्हाईत. पाच वर्षांनी ये.”

शेवटी साहेबरावच्या बायकोनं, केवळाबाईनं, तोड काढली: ग्यानोबानं रोज सकाळी इथं येऊन एक वाटी खायची. पोतं उसवलं. ग्यानोबा वाटणीपेक्षा जास्त खाईल या भीतीनं साहेबरावही शेजारी वाटी घेऊन बसू लागला. दोघंही कडू औषध घेतल्यासारखी तोंडं करून गिळायचे आणि एकमेकांशी बोलायचे न्हाईत.

केवळाबाईला ते बघवेना. एके सकाळी तिनं दूध बाजूला ठेवलं, लसूण-मिरचीची फोडणी केली, वर शेंगदाणे टाकले आणि भिजवलेल्या चुरमुऱ्यांची करतात तशी ओटांची सुशीला करून पुढं ठेवली. ग्यानोबानं दुसऱ्यांदा मागून घेतली. सरपंचांनी हरकत घेतली न्हाई.