ड ची जागा

खाडीत भरती चढत होती आणि सगुणाचं कोडं काही सुटत नव्हतं. गावच्या शाळेचे दत्तात्रेय मास्तर आज परीक्षेचे अर्ज घेऊन होडीनं धरमतरला उतरणार, तिथून अलिबागला. सगुणाच्या अर्जावर त्यांची सही तेवढी राहिली होती. "हे सोडवून आण, मग सही," म्हणाले होते. सातवीची फायनल पास झाली तर गावातल्या पोरींना शिकवायला सगुणाच. नाहीतर आहेच मिठागर, नि डोईवर टोपली.

अंगणातल्या मातीत तिनं लिहिलं होतं: अब आणि ब, बेरीज कडड. प्रत्येक अक्षराआड एकेक आकडा दडलेला, प्रत्येकाचा वेगळा. नऊ शिंपल्यांवर कोळशानं आकडे काढून ती अक्षरांखाली मांडून बघत होती. क एक, अ नऊ, हे झटकन जमलं. अडलं ते ड पाशी. दोन धरला तर बेरीज एकशे बावीस. एवढी कुठून यायची? तीन धरला तर आणखीच लांब. मांडीवर तिचा शिवा, दात येत असलेला, सारखा पदर चावत होता.

ओटीवर सासू, नीराबाई, पायलीनं भात मोजत होती. "लाभ… दोन… तीन… अगो, शिंपल्या मांडून कंदी कोन मास्तरीन झालीय?"

"आये, बोलू नको ना. चुकतंय माजं."

"तुजं चुकतंय, तं माजं बी चुकलं. आता परत लाभ!"

सगुणा उठली, पाणी कुठवर आलं ते बघून आली, परत बसली. कोडंच खोटं असेल. तसं जाऊन सांगावं का?

तेवढ्यात शिवानं ड खालचा शिंपला उचलून तोंडात घातला.

"अरे सोन्या, टाक ते!" तिनं बोट घालून शिंपला काढला, इवल्या हिरड्यांवरचा कोळसा पदरानं पुसला आणि शिंपला ठेवायला वाकली. ड खाली नुसती रिकामी जागा होती.

हात तिथंच राहिला. जन्मापासून तिनं मोजणी ऐकली ती लाभापासून. पहिल्या मापाला एकसुद्धा म्हणायचं नाही, मग काहीच नसण्यापासून कोण सुरू करील? दहावा शिंपला तिनं मांडलाच नव्हता. ड शून्य. बेरीज शंभर. ब पाच.

पोर कडेवर मारून ती धावत सुटली.

होडी काठापासून हलली होती. गुडघाभर पाण्यात शिरून ती ओरडली, "मास्तर, पंचाण्णव नि पाच!"

"आणि ड?"

"शून्य! आमच्यात शून्य मोजत न्हाईत, म्हनून उशीर झाला."

नावाडी अंबाजी खो खो हसला. मास्तर हसले नाहीत. "पाच अ अधिक तीन ब, त्यातून दोन अ वजा. किती?"

"तीन अ नि तीन ब."

"म्हणजे सहा?"

शिवानं तिचे केस ओढले. "सहा कशाला? अ वेगळा, ब वेगळा. ते वेगळेच राहतील."

मास्तरांनी अर्ज गुडघ्यावर धरला. अंबाजीनं वल्हं रोखलं, तरी होडी डुलतच होती. सही वाकडी आली, पण आली.

"परीक्षा दोन दिवस चालते. तेव्हा याला कोण धरील?"

"ह्याची आजी," सगुणा म्हणून गेली. आजीला अजून विचारलं नव्हतं.