शाळेच्या भिंतीलगतची बोअर

तीस वर्षांत बाराशे बोअर मारल्या, पण माझ्या कामाला नावं ठेवायची कोणाची छाती झाली नाही. झाली ती माझ्याच पोरीची.

ती भूजलाची अभ्यासक. रंगाच्या कारखान्यामागे विषारी द्रावण जमिनीत मुरलं होतं आणि वस्तीच्या पिण्याच्या पाण्यात ते आलं कसं, हे तिला शोधायचं होतं. कारखान्याचे साहेब म्हणत, आमचं काही झिरपलं असलंच तर ते वरच्या भेगेत, नव्वद फुटांवर. वस्ती पाणी पिते अडीचशे फुटांवरच्या भेगेतलं. मधे अखंड कातळ. झालं, सगळ्यांची बोलती बंद!

पोरगी मात्र हटून बसली. भेगेच्या वर एक, खाली एक असे रबरी फुगे बोअरमध्ये फुगवायचे आणि मधलं पाणी तेवढं वेगळं काढायचं, असं तिचं चार महिने चाललं. उन्हातान्हात, चिखलात. बघून ऊर भरून यायचा. तोंडाने मात्र मी म्हणायचो, "आता फुगेच विकायला बस."

एका दुपारी ती माझ्या वर्कशॉपमध्ये आली.

"बाबा, वाट सापडली. शाळेच्या भिंतीलगतची बोअर. आत कॅमेरा सोडला होता. वरच्या भेगेतलं पाणी धार लागल्यासारखं खाली पडतंय."

"कोणत्या गाढवाने मारली?"

तिने शाळेच्या भिंतीचा फोटो माझ्यापुढे धरला. मग मला आठवलं.

अकरा वर्षांपूर्वी ती मीच मारली होती. माती ढासळू नये म्हणून वरचे वीस फूट पाइप घातला आणि खाली कातळ उघडा सोडला, नव्वद फुटांवरच्या भेगेसकट. कातळ कुठे ढासळतो? मग पाइप कशाला वाया घालवायचा? आम्ही सगळे असंच करतो. त्या अखंड कातळाला भोक मीच पाडलं होतं.

"अहवालात तुमचं नाव आहे," ती म्हणाली. "उद्या वस्तीच्या सभेत वाचणार आहे. आधी तुम्हाला सांगायला आले." तिची नजर खाली गेली नाही.

मी भडकलो. माझा धंदा बुडवतेस का, म्हणालो. आणखीही नको नको ते बोललो.

तरी सभेला गेलो. मागच्या बाकावर बसलो. अहवाल ऐकून साहेब खूश झाले. "म्हणजे दोष बोअरवाल्याचा! कोण हा माणूस, मॅडम?"

"माझे वडील," पोरगी म्हणाली. "वाट त्यांच्या बोअरने दिली. विष तुमचं आहे. पुढचं पान उघडा, पाण्याच्या तपासणीचे आकडे आहेत."

साहेबांचा चेहरा उतरला. माझा राग कुठल्या कुठे पळाला. अशी लेक पोटी यायला भाग्य लागतं. मी उभा राहिलो.

"ती बोअर माझी," मी म्हणालो. "आणि अशा उघड्या बोअर मी या भागात आणखी सतरा मारल्यात. सगळ्या दाखवतो. बुजवायलाही मीच येईन."

पोरीने भरलेले डोळे पुसले, वहीचं कोरं पान काढलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "हं, बाबा. एकेक सांगा."