मनोऱ्याच्या तड्यावरची काच

काच अखंड होती. बोटभर रुंद, वीतभर लांब, तीन मिलिमीटर जाडीची पट्टी, तड्याच्या दोन्ही काठांना प्लास्टरने चिकटवलेली. भिंत केसभर जरी सरकली असती तरी ती मधोमध तडकली असती. त्यासाठीच ती लावलेली. कोपऱ्यात चार वर्षांपूर्वीची तारीख होती, निळ्या शाईत. आणि शाई अजून निळीच होती.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शेजारच्या खिडकीच्या चौकटीवर त्याच दिवशी, त्याच पेनाने तिनेच एक खूण केली होती. ती खाऱ्या वाऱ्याने आणि उन्हाने इतकी पुसट झाली होती, की कुठे आहे हे ठाऊक होतं म्हणूनच सापडली.

बंदर कार्यालयात ती इमारतींची इंजिनियर होती. दर तीन महिन्यांनी घंटेच्या मनोऱ्याचे एकशे बारा दगडी पायऱ्या चढायच्या, काच बघायची, वहीत ‘बदल नाही’ लिहायचं आणि खाली मामाच्या खोलीत चहा प्यायचा, असा चार वर्षांचा शिरस्ता होता. काच शाबूत असल्यावर तडा वेगळा मोजायची गरज नसते. आज तिने पिशवीतून फट मोजायचा कॅलिपर काढला. चार वर्षांपूर्वी तडा सहा पूर्णांक दोन मिलिमीटर होता. आज चौदा पूर्णांक आठ भरला.

तिने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

खालून मामाचा आवाज जिन्यातून वर येत होता. आई गेल्यावर याच मामाने तिला वाढवलं, मनोऱ्याच्या पायथ्याच्या त्या एका खोलीत. तो इथला रखवालदार आणि इथला कथेकरीही. मनोरा बघायच्या चारच्या फेरीसाठी चाळीसेक माणसं दाराशी जमली होती आणि त्याची गोष्ट रंगात आली होती. तीन दिवस धुकं हटेना, बोटी बाहेर अडकलेल्या, आणि इथल्या घंटावाल्याने तीन दिवस दोर सोडला नाही. त्या नादानेच भिंतीला तडा गेला. सगळ्या बोटी आल्या, एक आली नाही. तिची चाहूल घ्यायला मनोरा अजून समुद्राकडे कललेला आहे. तड्याला कान लावा, घंटावाला हुंकार देतो.

मग मामा आपली नेहमीची फोडणी घालायचा. “हल्ली आवाज खर्जात गेलाय हो त्याचा. म्हातारा झाला बिचारा, माझ्यासारखाच.” लोक हसायचे. तीही हसत आली होती. फट रुंदावली की तिच्यातून वाहणारा वारा खालच्या सुरात घुमतो, हे तिला कॉलेजपासून माहीत होतं, आणि चार वर्षं ती चहा पीत हे ऐकत होती.

ती खाली आली आणि मामाला खोलीत बोलावून घेतलं. लपवायचं ते तो कपाटाच्या मागेच ठेवतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिथे काय आहे, विचारलं. तो म्हणाला, काय असणार, झाडू. तिने कपाट ओढलं. मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या पट्ट्या होत्या, प्लास्टरचा डबा होता आणि निळं पेन होतं.

“किती बदलल्यास?”

“मोजतो कोण? पाच. सहा असतील.” तो खाटेवर टेकला. “अगं, फुटकी काच दिसली की लोक उगाच घाबरतात. घरातली फुटली तर आपण बदलत नाही का?”

“तारीख माझी घातलीस.”

“तूच म्हणाली होतीस, काच फुटली तर मनोरा बंद करावा लागेल म्हणून. पहिली फुटली तेव्हा म्हटलं, पोरीच्या जिवाला घोर नको. दुसरी फुटली तेव्हा पहिली लपवलेली होती. मग काय सांगणार होतो, कप्पाळ?”

 तिच्या रागाला दोन तोंडं होती, आणि एक तिच्याकडेच वळलेलं होतं. चार वर्षांपूर्वी शेजारच्या गोदीचा तळ मोठ्या जहाजांसाठी उपसायला लागले, त्याच वर्षी तिला कळलं होतं की पाया सरकणार. कल मोजलेला होता, आकडे पुरेसे होते, मनोरा बंद करायचा कागद तयार होता, सही तिचीच चालणार होती. पण सही केली असती तर मामाची खोली गेली असती. म्हणून ती म्हणाली होती, आधी काच लावून बघू. पुरावा हवा होता म्हणून नव्हे. चालढकल करायला एक शास्त्रीय निमित्त हवं होतं. मामाने फक्त ते निमित्त ताजं ठेवलं.

तिने कार्यालयातल्या साहेबांना स्पीकरवर फोन लावून आकडा सांगितला. ते म्हणाले की आकडा गंभीर आहे, पण तो तडा म्हणजेच मनोऱ्याची ओळख, लोक तो बघायलाच येतात. आजची फेरी होऊ दे, सोमवारी बसून बोलू. तिने फोन ठेवला.

“बघ, साहेबही तेच म्हणतात,” मामा म्हणाला. “दीडशे वर्षं उभा आहे. तुझ्यामाझ्या धक्क्याने पडणार आहे का? पाव-अर्ध्या इंचाने काय आभाळ कोसळतंय?”

“मामा, चाळीस माणसं एका वेळी त्या जिन्यात असतात. आणि तू त्याच भिंतीला डोकं टेकून झोपतोस.”

“कुठे जाऊ मी?” आता त्याचा आवाज पडला होता. “या भिंतीबाहेर माझी गोष्ट ऐकणार कोण?”

तिला दया आली आणि त्या दयेचाच तिला संताप आला. चार वर्षं हीच दया बाळगून तिने चाळीस-चाळीस माणसं वर पाठवली होती. तिने खुंटीवरची दाराची किल्ली घेतली. मामा उठून आडवा आला. तिने त्याला खांद्याला धरून, लहानपणी तो तिला धरायचा तसं, बाजूला केलं आणि ती बाहेर गेली.

रांगेतली पुढची माणसं पायरी चढली होती. एका आजीने दगडाला कान लावला होता आणि शेजारच्याला गप्प राहायला खुणावत होती. त्यांनी सगळ्यांनी खाली उतरावं, असं तिने सांगितलं, तशी ती कुरकुरत बाहेर आली. कुणीतरी विचारलं, मग फेरी किती वाजता? मामा तिच्या मागे आपल्या खोलीच्या उंबऱ्यात उभा होता.

तिने मनोऱ्याचं दार ओढलं, किल्ली फिरवली, आणि त्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, “फेरी नाही. मनोरा बंद केलाय मी, आजपासून, कायमचा. आणि मामा, तू माझ्या घरी राहायला येतोयस, आत्ताच्या आत्ता.”