एका पिस्तुलाच्या दोन शिक्षा

लूशियस पेटवे अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या तुरुंगातून सुटायचा होता, त्या सकाळी त्याची आई अर्नेस्टीन कोंबडी तळून, डबा घेऊन फाटकाशी उभी राहिली.

तो बाहेर येताच म्हणाला, "आई, केवढी वाळलीस गं!"

"तू तिथलं खाऊन फुगलास, म्हणून तसं वाटतंय तुला."

दोघं हसताहेत तोच दोन माणसं पुढे आली. केंद्र सरकारचं वॉरंट दाखवून त्यांनी त्याच्या हातात बेड्या घातल्या. डबा आईच्या हातातच राहिला.

गुन्हा जुनाच होता. तरुणपणी एकदा घरफोडीत शिक्षा झाल्यामुळे लूशियसला हत्यार बाळगायची मनाई होती. पण तो कामाला होता त्या टायरच्या दुकानावर दरोडा पडल्यापासून तो गाडीत पिस्तूल ठेवू लागला आणि सापडला. राज्याच्या कोर्टानं शिक्षा दिली, ती त्यानं पुरती भोगली होती.

लूशियसच्या वकीलबाई अर्नेस्टीनला समजावत होत्या, "राज्याचा कायदा वेगळा, देशाचा वेगळा. एकाच कृत्यानं दोन्ही मोडले. वरच्या कोर्टानंही हे मान्य केलंय."

"कायदे दोन असतील हो," अर्नेस्टीन म्हणाली, "पण पिस्तूल एकच होतं ना? आणि पोरगाही एकच आहे माझा."



केंद्राच्या कोर्टात लूशियस म्हणाला, "साहेब, या पिस्तुलाची शिक्षा मी भोगून आलोय."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "ती राज्याची होती, मिस्टर पेटवे." मग त्यांनी आणखी चार वर्षं सुनावली.

त्याला दूर, दुसऱ्या राज्यातल्या तुरुंगात नेलं. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर शेजारीण दबक्या आवाजात विचारायची, "आता काय केलं गं त्यानं?"

"काही नाही. तेच जुनं."

"जुन्याची तर भोगून झाली होती ना?"

अर्नेस्टीन समजावून सांगे, बाया मान डोलवत. पण त्यांच्या डोळ्यांत तिला दिसे की नवं काहीतरी असणारच. आई झाकतेय, एवढंच. हळूहळू तिनं सांगणं सोडलं. मग शेवटचं गाणं संपायच्या आतच ती चर्चमधून निघू लागली.

टायरच्या दुकानात लूशियसच्या जागी दुसरा माणूस आला होता. हे तिनं त्याला कळवलं नाही.

एकदा फोनवर त्यानं विचारलं, "चर्चमधले लोक माझं नाव काढतात का गं?"

"काढतात तर! दर रविवारी," ती म्हणाली, आणि हुंदका त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं तोंडावर हात धरला.