सिस्टरची गाडी

“मशीनवर काहीच दिसत नाही, मॅडम,” असं म्हणत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरमागच्या अ‍ॅडव्हायझरने किल्ली पुढे सरकवली. “गाडी एकदम ओके आहे.”

सिस्टर किल्लीकडे पाहत राहिल्या. मागच्या खेपेला हेच झालं होतं, त्याच्या मागच्या खेपेलाही. एकदा बॅटरीची टोकं साफ केली, एकदा कुठलासा सेन्सर बदलला, आणि दर वेळी गाडी धुऊनपुसून, आत सुगंधी फवारा मारून परत दिली. चार दिवस ती बरी चालायची, मग ये रे माझ्या मागल्या.

“पण ती बंद पडते हो,” त्या म्हणाल्या. “चालता चालता. इंजिन तापलेलं असलं आणि चढावर वळण आलं, की बंद.”

अ‍ॅडव्हायझरने आवाज खाली आणला. “राग मानू नका. गाडी उशिरा शिकलेल्यांचा क्लच लवकर सुटतो. सवयीने जमेल तुम्हाला.”

मागे रांगेत दोघेतिघे उभे होते. सिस्टरनी किल्ली उचलली आणि त्या बाहेर आल्या.

गाडी त्या खरंच उशिरा शिकल्या होत्या. सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या सर्जिकल वॉर्डात गेली. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांकडे घरोघर जायला सुरुवात केली. कुणाच्या पाठीवरच्या जखमा साफ करायच्या, कुणाची लघवीची नळी बदलायची, कुणाला नुसतंच कुशीवर वळवून घरच्यांना ते कसं करायचं हे शिकवायचं. पिशवी घेऊन बस बदलत फिरताना गुडघे बोलायला लागले. मग एक दिवस त्यांनी जेवताना जाहीर केलं, की आपण गाडी शिकणार. यजमानांनी चष्म्यावरून पाहिलं. ते एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते; आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून ते स्वभावाने सावध झाले होते. पण ते नाही म्हणाले नाहीत. “शीक,” म्हणाले, “फक्त मला शिकवू नकोस.”

छोटी पांढरी गाडी नवीकोरी घेतली. पहिल्या काही महिन्यांत सिस्टरना आपण दहा वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटायचं. यजमान शेजारी बसून दुकानांच्या पाट्यांमधल्या शुद्धलेखनाच्या चुका मोठ्याने वाचायचे आणि दोघं हसायची.

मग एका दुपारी पुलाच्या चढावर, वळणातच, गाडी मेली. झटका नाही, आवाज नाही, इंजिन नुसतं गप्प झालं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, ब्रेक पाय रोवून दाबावा लागला. मागचा ट्रक हातभर अंतरावर थांबला आणि त्याने हॉर्न वाजवला तो वाजवतच राहिला. यजमानांनी दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. थोड्या वेळाने किल्ली फिरवल्यावर गाडी काही झालंच नाही अशी सुरू झाली.

त्यानंतर यजमानांना बसची आवड निर्माण झाली. बसमध्ये पेपर वाचता येतो, म्हणाले. पाय मोकळे होतात, म्हणाले. चेष्टाही केली: “आपली गाडी बंद पडते, पण काय चकचकीत बंद पडते.” सिस्टर हसल्या, पण आत काहीतरी टोचलं. माणूस जे बोलत नाही तेच खरं असतं, हे वॉर्डात शिकायला मिळतं. सर्व्हिस सेंटरमधून परतल्यावर अ‍ॅडव्हायझरचं म्हणणं त्यांनी घरी सांगितलं, तेव्हा यजमान पेपरमधून मान वर न करता एवढंच म्हणाले, “त्यांना अनुभव असतो अगं.”

आता सिस्टरना स्वतःचाच संशय यायला लागला. जिने हजारो सुया टोचल्या, जिच्या हातांवर मोठमोठे सर्जन डोळे मिटून विसंबले, त्या बाईला आपला डावा पाय खोटा वाटायला लागला. सकाळी लवकर उठून त्या बंद पडलेल्या गिरणीच्या मैदानात जायच्या आणि एकट्याच क्लच दाबायच्या, सोडायच्या. दाबायच्या, सोडायच्या. गाडी तिथे एकदाही बंद पडली नाही. त्याने तर संशय आणखीच वाढला.

त्यांच्या पेशंटांत एक ट्रम्पेटवाले होते. थिएटरच्या वाद्यवृंदात त्यांनी उभं आयुष्य ट्रम्पेट वाजवलं होतं. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून ते गळ्यातल्या नळीवाटे श्वास घ्यायचे. बोलणं नाही, सगळं खुणांनी. एकेकाळी अख्ख्या सभागृहात घुमणारा तो श्वास आता नळीतून बारीक शीळ घालत ये-जा करायचा. रोजची सफाई सून करायची. अख्खी नळी बदलायला सिस्टर लागायच्या.

एका सकाळी सुनेचा फोन आला. नळीत काहीतरी अडकलंय, कफ ओढायच्या मशीनने निघत नाही, बाबांना दम लागलाय. रुग्णवाहिका बोलवा, मी पोचतेच आहे, असं सांगून सिस्टर निघाल्या. ट्रम्पेटवाल्यांच्या गल्लीआधीच्या चढावर, वळणात, गाडी मेली.

त्यांनी दिवे लुकलुकत ठेवले, पिशवी उचलली आणि त्या वयात, त्या गुडघ्यांनी, त्या धावल्या. ट्रम्पेटवाल्यांचे ओठ निळे पडले होते. सून त्यांना धरून पाठ चोळत होती. सिस्टरनी नळीच्या आतली दुसरी नळी काढली, मशीनची बारीक नळी आत सोडली, कफाचा घट्ट गोळा ओढून काढला. क्षणभर काहीच झालं नाही. मग ती शीळ पुन्हा सुरू झाली. रुग्णवाहिकेतले लोक आले तेव्हा म्हातारबुवा उशीला टेकून बसले होते आणि सिस्टरच जमिनीवर बसून धापा टाकत होत्या.

ट्रम्पेटवाल्यांनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. परत येताना सिस्टर चालत गाडीपाशी गेल्या. चूक कुणाची का असेना, आता हे असं चालणार नव्हतं. एक तर गाडी नीट व्हायला हवी, नाहीतर आपण गाडी सोडायला हवी. आणि सोडण्याआधी कुणीतरी नीट तपासलं तरी पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्या सर्व्हिसच्या काउंटरवर गेल्याच नाहीत. पुढच्या दाराने सरळ शोरूममध्ये शिरल्या आणि मॅनेजरना भेटायचंय असं सांगून नव्या गाड्यांच्या मधल्या सोफ्यावर बसल्या. मॅनेजर मीटिंगमध्ये होते. हरकत नाही, मी बसते, त्या म्हणाल्या. वॉर्डात डॉक्टरांची वाट पाहण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना सोफ्यावर बसणं म्हणजे चैनच. शेजारी एक नवराबायको गाडी बघायला आले होते. बायकोने सहज विचारलं, तुमच्याकडे हीच आहे का, कशी आहे? सिस्टरनी खरं ते सांगितलं: दिसायला छान, जागा भरपूर, सीट मऊ, फक्त चढावर बंद पडते, आणि ते म्हणतात माझाच पाय चुकतो. आवाज चढवला नाही, तक्रारीचा सूरही नाही. नवराबायको एकमेकांकडे बघून उठले. मॅनेजरची मीटिंग त्यानंतर लगेच संपली.

मॅनेजर चाळिशीचे, इस्त्रीच्या शर्टातले, थकलेल्या डोळ्यांचे गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला आणि अडचण मांडली. वॉरंटीतलं मोठं काम करायला कंपनीची परवानगी लागते, कंपनी पुरावा मागते, आणि मशीनवर तर काहीच उमटत नाही. माझे हात बांधलेले आहेत, ते म्हणाले.

सिस्टरनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “साहेब, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पेशंटचं दुखणं खोटं होत नाही. आम्ही अशा वेळी त्याच्याजवळ बसून राहतो. तुम्ही एक दिवस माझ्या गाडीत बसा.”

“मी?”

“तुम्हीच. माझा पाय चुकत असेल तर तुम्हाला दिसेल. मग तुम्ही सांगाल त्या दिवसापासून मी गाडी चालवणं बंद करीन.”

ते बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण पैज लावली आहे, आणि जिंकू याची आपल्याला खात्री नाही.

मॅनेजर आले. बहुधा हे प्रकरण एकदाचं मिटावं म्हणून आले. आणि त्या दिवशी गाडी गरीब गाय झाली. चढ, वळण, गर्दी, खड्डे, कुठे म्हणून अडली नाही. मॅनेजर आधी सिस्टरच्या पायांकडेच बघत होते. दुसऱ्या-तिसऱ्या घरानंतर त्यांनी ते सोडून दिलं. आधी ते गाडीतच थांबायचे, फोनवर बोलत. मग एका घरी वजनदार बाईंना कुशीवर वळवायला हात कमी पडले, तेव्हा सिस्टरनी खिडकीतून हाक मारली. मॅनेजरनी बाह्या सरसावल्या. परत आले तेव्हा घाम पुसत होते, आणि फोन त्यांनी खिशात टाकला.

ट्रम्पेटवाल्यांच्या खोलीत ते दाराशी उभे राहिले. सिस्टरनी नळी काढली, धुतली, बसवली. तेवढ्या वेळात गळ्याला उघडं भोक दिसत होतं. नळी अडकली त्या दिवशी काय झालं ते सुनेने सांगितलं. गाडीचा विषय निघाला तशी सिस्टरनी तिला खुणेने थांबवलं, पण उशीर झाला होता. मॅनेजरनी मान खाली घातली.

परतीच्या वाटेवर सिस्टर मनातून खचल्या होत्या. गाडी एकदाही बंद पडली नव्हती. बोलल्याप्रमाणे किल्ली खाली ठेवायची वेळ आली होती. मॅनेजर म्हणाले, “तुम्ही दमलात. मी घेऊ का?” सिस्टर निमूटपणे बाजूच्या सीटवर सरकल्या.

पुलाच्या चढावर, वळणात, मॅनेजरच्या हाती गाडी मेली.

मागून हॉर्न सुरू झाले. मॅनेजर स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढत होते, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. गाडी कशीबशी कडेला लागली.

“मी क्लचला पायसुद्धा लावला नव्हता,” ते म्हणाले.

कितीतरी गोष्टी सिस्टरच्या ओठांवर आल्या असत्या. पण घाबरलेल्या माणसाला काय लागतं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हात पुढे करून लुकलुकणाऱ्या दिव्यांचं बटण दाबलं, पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांना दिली, आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते काही दुःखाचं नव्हतं.

पुढचं सगळं मॅनेजरनीच केलं. कंपनीचा माणूस फोनवर पुन्हा चालवणाऱ्याची सवय काढायला लागला, तेव्हा ते म्हणाले म्हणे, चालवणारा मी होतो, बोला. सिस्टरना फिरायला दुसरी गाडी दिली. कंपनीचा इंजिनिअर आला, मेकॅनिक आणि तो मिळून इंजिनखालचा भाग उघडून बसले. दोष सापडला तो अगदी साधा: वायरींचा एक जुडगा कारखान्यातच लोखंडी पट्टीला खेटून बसवला गेला होता. घासून घासून वरचं आवरण गेलं होतं, आणि गाडी तापून कलली की उघडी तार लोखंडाला टेकून इंजिन बंद पडायचं. मॅनेजरनी सिस्टरना मुद्दाम बोलावून ती जागा दाखवली. चिकटपट्टी गुंडाळून भागलं असतं, पण त्यांनी सगळी वायरिंग नवी घातली, पट्टी बदलली, आणि आणखी दोन वर्षांची वॉरंटी कंपनीकडून भांडून घेतली. किल्ली अ‍ॅडव्हायझरच्या हातून द्यायला लावली. तो खाली बघत म्हणाला, “चुकलं, सिस्टर.” सिस्टर म्हणाल्या, असू दे, पुढच्या बाईला असं म्हणू नकोस म्हणजे झालं.

घरी यजमानांनी सगळी हकिकत दोनदा ऐकली. मग पेपरची घडी घालून बाजूला ठेवली.

“मलाही वाटलं होतं, तुझाच पाय चुकतो,” ते म्हणाले.

“मलाही वाटलं होतं,” सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या निघायला लागल्या, तेव्हा यजमान बूट घालून दारात उभे होते. आज काही काम नाही, येऊ का तुझ्याबरोबर, असं त्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, चला की.

त्या दिवशी घरं बरीच होती. प्रत्येक घरापुढे यजमान गाडीत बसून शब्दकोडं सोडवत राहिले. ट्रम्पेटवाल्यांकडे मात्र आत आले, आणि दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघून खुणांनीच काहीतरी विनोद केला. परतताना ऊन कलतं झालं होतं. पुलाचा चढ आला, वळण आलं, गाडी एका लयीत वर चढली. सिस्टरनी अभिमानाने शेजारी पाहिलं. यजमानांची मान खिडकीकडे कलली होती, तोंड किंचित उघडं, आणि ते गाढ झोपले होते.

घर आलं. सिस्टरनी गाडी हळूच कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. किल्लीकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला. आवाज थांबला असता तर ते जागे झाले असते. इंजिन तसंच सुरू ठेवून, हात मांडीवर घेऊन, त्या त्यांच्या शेजारी बसून राहिल्या.